गाडी लागणारे शेलारभावजी

लालबागला आमच्या चाळीत सायकली पुष्कळ होत्या. जिन्याखाली, नळाशी, संडासाच्या वाटेवर, जिथे बघाल तिथे सायकल. पण छताला टांगलेली सायकल एकच, ती शेलारभावजींची. खोलीत जागा नाही म्हणून त्यांनी आढ्याला दोन कड्या ठोकून दोराने ती वर चढवली होती आणि स्वतः बरोब्बर तिच्याखाली झोपायचे. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "मेल्या, एक दिवस दोर तुटेल नि तिच्याच चाकात अडकून मरशील." त्यावर ते म्हणायचे, "मावशी, तिला माझं वजन सोसतं, मला तिचं सोसेल."

मी नवी सून होऊन चाळीत आले तेव्हा शेलारभावजी पस्तिशीचे असतील. गणपत शेलार. गिरणीत फिटर होते. आमची चाळ सगळी कोकणातली. कुणी खेडचं, कुणी चिपळूणचं, कुणी महाडचं. त्यात हे एकटेच घाटावरचे. कुंभार्ली घाट चढून गेलं की कोयनेचं खोरं लागतं, त्या खोऱ्यात नदीकाठी यांची वाडी. म्हणून सासूबाई त्यांना 'घाट्या' म्हणायच्या. मुंबईत हा शब्द कुणी वाईट अर्थाने उच्चारला तर मारामारी व्हायची, पण सासूबाईंच्या तोंडून तो ते मुकाट्याने घ्यायचे. फार तर म्हणायचे, "मावशी, मी घाट चढतो पण आणि उतरतो पण. निम्मा तरी तुमच्यात धरा की."

वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि दिवाळीनंतर, ते गावी जायचे. सायकलने. ठाण्यावरून पनवेल, पेण, महाड, मग काशेडी घाट, खेड, परशुरामाचा घाट, चिपळूण, आणि तिथून कुंभार्ली चढून वर. वाटेत मुक्काम करत जायचे. वाडीपर्यंत धड रस्ता नव्हता. शेवटी नदीकाठच्या दगडधोंड्यांतून सायकल खांद्यावर घेऊन चालायचं. मला वाटायचं, केवढा हा पराक्रमी माणूस! एसटी असताना सायकलने घाट चढतो! एकदा मी तसं बोलून दाखवलं. तर सरळ म्हणाले, "पराक्रम कसला, वहिनी? मला गाडी लागते. एसटीत बसलो की पनवेलच्या आधी पोटातलं सगळं बाहेर. घाटातल्या वळणांना तर कंडक्टर माझ्याकडं बघून खिडकी उघडतो."

"आणि बोटीने?"

"बोटीला तर धक्क्यावरच सुरुवात."

पण सायकलवर असले की काही नाही. रस्ता डोळ्यांपुढे असला की लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची घाट चढण्याची रीत मी सज्जात बसून ऐकलेली आहे, तांदूळ निवडता निवडता. चढावर ते एक शब्द बोलत नसत. ट्रकवाले ओळखीचे झाले होते, ते दोर टाकायचे, "धर दोस्त, वर ओढतो." हे मान हलवून नाही म्हणायचे. फारच खडा चढ आला की उतरून सायकल ढकलायची. "अर्धा घाट मी तिच्यावर, अर्धा ती माझ्या हातावर." उतारावर ब्रेकचं रबर झिजून जायचं, म्हणून माथ्यावर आले की एखादी जाड पाल्याची फांदी तोडायची आणि मागे दोराने बांधायची. ती रस्त्यावर घासत आली की वेग आपोआप मरतो. कुठल्या झाडाची फांदी चांगली, याचीही त्यांची मतं होती. करवंदाची चिवट, पण काटे ट्यूबला धोक्याचे. ऐनाची बरी. अशी फांदी ओढत, मागे धुरळा उडवत ते चिपळुणात शिरले की पोरं म्हणे ओरडायची, "झाडूवाला आला!"

नद्यांवरच्या पुलावर ते नेमाने उतरायचे आणि तोंड धुवायचे. म्हणून परत आले की चाळीत आधी नद्यांची चौकशी व्हायची. आमच्या सासूबाई खेडच्या, त्यांची नदी जगबुडी. महाडवाल्यांची सावित्री. चिपळूणकरांची वाशिष्ठी. ज्याने त्याने आपली विचारायची.

"सावित्री कशी आहे हो शेलार?"

"बारीक झालीय. खडक दिसायला लागलेत."

आमच्या शेजारी नवे भाडेकरू आले होते, त्यांच्या बाईने मला हळूच विचारलं, "ही सावित्री म्हणजे त्यांची कोण? आजारी आहे का?"

वाटेवरच्या गावांतून जातात म्हटल्यावर चाळीतल्या बायका त्यांना मोकळं कशी सोडतील? कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालायची पद्धत आहे. एकाने मागणं मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आम्हाला गावी जायला जमायचं नाही, म्हणून प्रत्येकीने शेलारभावजींना आपापलं गाऱ्हाणं पाठ करून दिलं. ते दोन-दोनदा घोकून घ्यायचे. घाटावरच्या माणसाच्या तोंडात आमची बोली, ऐकताना हसू यायचं. पण गडी मनापासून करायचा. नारळ घेऊन देवळात जायचं, गुरवाला उभं करायचं, चार माणसं गोळा करायची आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालायचं.

एका शिमग्याला घोळ झाला. सासूबाईंनी सांगितलं होतं, "माझा गुडघा बरा कर, म्हाराजा." आणि वरच्या मजल्यावरच्या सकपाळकाकूंनी सांगितलं होतं, "माझ्या सुनेला यंदा मुलगा होऊ दे, म्हाराजा." काकूंचं गाव वाटेत पुढचं. भावजी पोचले आमच्या देवळात, आणि भर गावासमोर आमच्या सासूबाईंचं नाव घेऊन म्हणाले, "बा देवा म्हाराजा, हिला यंदा मुलगा होऊ दे!" गुरवाला सवय, तो म्हणाला, "व्हय म्हाराजा!" मग बाकीच्यांनाही म्हणावंच लागलं. सासूबाई तेव्हा साठीला आलेल्या, आणि सासरे जाऊन कितीतरी वर्षं झालेली.

ही बातमी भावजींच्या आधीच एसटीने मुंबईला पोचली. ते सायकलवरून उतरतायत तोच सासूबाई जिन्यात उभ्या. "ये, घाट्या, ये! देवाला काय मागितलंस ते परत एकदा सांग!"

"चुकलं, मावशी. पण देव काय वेडा आहे? त्याला कळलं असेल."

"देवाला कळेल रे, गावाला कसं कळायचं? माझा भाऊ तिकडे तोंड लपवून बसलाय!"

सकपाळांच्या सुनेला त्या वर्षी मुलगीच झाली. पण तिकडे तिच्या नावाने गुडघ्याचं गाऱ्हाणं पडलं होतं ना, तिचा गुडघा म्हणून कधी दुखला नाही, हे मात्र खरं.

ते दिवस चळवळीचे होते. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव नुसता पेटलेला. फाउंटनला गोळीबार झाला त्या दिवसानंतर कितीतरी दिवस आमच्या चाळीत कुणी मोठ्याने हसलं नाही. मोर्चा निघाला की आमचे हे पुढे. चाळीच्या कमिटीत त्यांनीच काढलं की शेलार घाटातून जातो, तर त्याने काशेडीत मोठ्या कातळावर घोषणा लिहावी, येणारी-जाणारी प्रत्येक एसटी वाचेल. चुन्याची पिशवी, ब्रश, सगळं कॅरियरला बांधून दिलं.

आठ-दहा दिवसांनी सकपाळकाका गावाहून आले ते धावतच. "अरे, तुम्ही इथे मोर्चे कसले काढताय? झाला की! काशेडीत कातळावर एवढं मोठं लिहिलंय, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच'! आमच्या एसटीत एका म्हाताऱ्याने सगळ्यांना गूळ वाटला!"

झालं होतं असं की भावजींनी अक्षरं अंगापिंडाने चांगली दांडगी काढली. 'झालाच' इथपर्यंत आले आणि कातळ संपला. 'पाहिजे'ला जागाच नाही. कमिटीने त्यांना समोर बसवलं.

"शेलार, 'पाहिजे' कुठाय?"

"पुढल्या वळणावर लिहिणार होतो. चुना संपला."

दिवाळीनंतर ते पुन्हा गेले आणि पुढल्या वळणावर नुसतं 'पाहिजे' लिहून आले. म्हणजे मुंबईहून जाणाऱ्याला घोषणा नीट दिसायची. पण खेडकडून येणाऱ्याला आधी 'पाहिजे' आणि मग पुढच्या वळणावर 'झालाच'. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या गावाकडून येणाऱ्याला लगेच मिळतं बघा."

हे हसण्याचं झालं. पण याच वर्षांत शेलारभावजींच्या जिवाला एक घोर लागलेला होता आणि तो सगळ्या चाळीला ठाऊक होता. कोयनेवर धरण बांधायला घेतलं होतं. खोऱ्यातल्या वाड्या पाण्याखाली जाणार, त्यात यांचीही. घरात आई एकटी. भाऊ नाही, बहीण नाही. तिला मुंबईला आणायची म्हणून ते दर खेपेला जायचे आणि दर खेपेला एकटेच परत यायचे. रिकामा कॅरियर दिसला की विचारायचीही गरज नसे. तरी सासूबाई विचारायच्या, "काय म्हणाली रे?"

"तेच. म्हणते, गाव सोडायचं म्हटलं की मला लागतं. म्या न्हाय येणार."

"लागणारच रे बाबा," सासूबाई पदर डोळ्याला लावायच्या. "सगळा जन्म गेला तिथे. मनाला लागणारच."

  गणपतरावांनी लग्न केलं नव्हतं तेही याच पायी. आई घाट उतरून आली, तिने अक्षता टाकल्या, तरच, असं त्यांनी ठरवून टाकलेलं. स्थळं येऊन परत जायची. तिकडे धरणाची भिंत वर यायला लागली होती. ते सांगायचे, लोक घरांची कौलं उतरवायला लागलेत, वासे सोडवायला लागलेत. आईला म्हटलं की तिचं एकच, "मला लागतं."  आईच्या दुःखावर आपण काय दटावायचं, असं त्यांना वाटायचं.

मग एक दिवस गिरणीत गावच्या कुणा माणसाने निरोप आणला की सरकारी ट्रक वाडीवर येणार आहेत, सगळ्यांना नव्या जागी नेणार आहेत, आणि म्हातारी ट्रकमध्ये चढणार नाही म्हणून बसली आहे. भावजींनी रजेचा अर्ज फेकला, सायकल खाली उतरवली आणि निघाले. सासूबाईंनी दशम्या बांधून दिल्या. या खेपेला कुणीही गाऱ्हाणं सांगितलं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आईला घेऊनच ये. जड झाली तर उचलून आण."

पुढे काय झालं ते त्यांनी आम्हाला नंतर सज्जात बसून सांगितलं. शेजारी म्हातारी बसलेली, मधे मधे दुरुस्त्या करत.

ते पोचले तेव्हा नदीच्या पात्रातून कसेबसे आणलेले ट्रक उभे होते. माणसं चढत होती, गुरांचा हंबरडा, भांडीकुंडी, पाटे-वरवंटे. देवसुद्धा गोणपाटात गुंडाळून ट्रकमध्ये बसला होता. आई कुठेच नाही. शोधता शोधता देवळाच्या मागे सापडली. दगडावर बसलेली, तोंडाला पदर लावून.

हे तिच्यापाशी बसले. म्हणाले, "आई, मला कळतंय. माझंपण मन होत नाही. पण गाव आता राहत नाही. देव निघाला. तू कशापायी बसतीस?"

तर म्हातारी म्हणाली, "देवाचं काय जातंय? त्याला कुठं लागतंय?"

"म्हणजे?"

"आरं, गाडी! गाडी लागती मला! कितींदा सांगितलं तुला, मला लागतं, मला लागतं. एकदा कऱ्हाडाला एसटीनं गेल्ते, साऱ्या गाडीभर वकले. मामलेदाराच्या बायकूच्या लुगड्यावर. आता साऱ्या वाडीच्या मधी बसून वकत जाऊ व्हय? त्यापरास बुडते हितंच."

भावजी म्हणाले, "वहिनी, मला स्वतःला लागते. मी जन्मभर त्यापायी सायकल हाणतोय. आणि आईला लागतं म्हटल्यावर मला काही उमगलं नाही."

म्हातारी म्हणाली, "डोळ्यात पाणी आणून नुसता माझ्या पाया पडायचा. मला वाटलं, पोराला गाडीचं फार वाईट वाटतंय."

आम्ही इतक्या हसलो की नळावरच्या बायका वर बघायला लागल्या. सासूबाई तर हसता हसता रडायला लागल्या. एवढे दिवस काढलेलं पाणी फुकट गेलं म्हणाल्या.

मग ट्रक गेले, आणि हे मायलेक मागे राहिले. कॅरियरवर गोधडीची घडी बांधली, तिच्यावर आई. जिथे वाट नव्हती तिथे आई चालली आणि सायकल यांच्या खांद्यावर. कुंभार्लीच्या माथ्यावर यांनी फांदी तोडून मागे बांधली, तर म्हातारी म्हणते, "ह्ये शेपूट कशाला?" उतारावर हे बसले नाहीत, ब्रेक दाबून शेजारून चालत राहिले. आईला सांगितलं, मान रस्त्याकडे ठेव, वळण यायच्या आधीच वळणाकडे बघ. तशी ती बघत राहिली. सगळा घाट उतरली, एकदाही मळमळलं नाही. खाली पोचल्यावर म्हणाली, "ही गाडी बरी हाय. हिला वास न्हाय."

पुढे मुंबईपर्यंत ती तशीच आली. काशेडीसुद्धा. कधी बसून, कधी चालून, मुक्काम करत करत. रात्रीची सोय आमच्याच माणसांकडे झाली. गाऱ्हाणी घालून घालून शेलारांना त्या वाटेवरची घरं माहीत होती. आमच्या सासूबाईंच्या भावाने तिला लुगडं नेसवलं. तोच तोंड लपवून बसलेला भाऊ.

म्हातारी चाळीत आमच्यात चांगली रमली असं मला वाटायचं. तिचं नि सासूबाईंचं रोज सकाळपासून सुरू.

"तुमचं कोकण म्या वरनं बघितलं, बाई. खड्डा हाय नुसता. एवढी माणसं खड्ड्यात कशी ऱ्हात्यात?"

"आणि तुमचं गाव गो? पाण्यात!"

बोलून गेल्या आणि सासूबाईंनी जीभ चावली. म्हातारी शेंगा फोडत होती. तशीच फोडत राहिली. मग म्हणाली, "व्हय. आता तुमच्यापरास खाली."

पुढे सासूबाईंनी गावाचं नाव कधी काढलं नाही. पण म्हातारीच्या मनात तेच चाललेलं. सज्जात बसून ती वाडीतल्या माणसांची नावं घ्यायची. कुणाची म्हैस कशी असेल, कुणाची सून बाळंत झाली असेल का. इथे तिला तिच्या बोलीत भांडायला मुलाशिवाय कुणी नाही. मुलगा गिरणीत. भावजी संध्याकाळी आले की ती त्यांच्याकडे नुसती बघायची. काही मागायची नाही.

त्यातच महाराष्ट्र झाला. खरोखरचा. लालबागला घराघरावर दिवे, भावजी आईला कॅरियरवर घालून रोषणाई दाखवून आले. चाळीत पेढे वाटले. कुणीतरी म्हणालं, "शेलार, आता काशेडीला जाऊन ते 'पाहिजे' पुसून या!" तर आमचे हे म्हणाले, "पुसू नका. बेळगाव राहिलंय."

त्यानंतर थोड्या दिवसांनी भावजी आमच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "मावशी, आम्ही निघतो."

"कुठे रे?"

"वाडीला जागा दिलीय तिथं. महाडच्या अलीकडं. पावसाच्या आधी घर उभं करायला पाहिजे."

"म्हणजे घाट उतरून कोकणातच की! तुझी आई कोकणी झाली म्हणायची!" सासूबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "आणि तू? नोकरी?"

"रजा काढलीय. आईला मी इथं आणायचं म्हणत होतो इतकी वर्षं. ती आली पण. पण तिची माणसं तिकडं आहेत, मावशी. मी एकटा किती माणसांचं काम करणार?"

 निघायच्या दिवशी सासूबाईंनी हट्ट धरला. पाहुण्याला गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचं असतं, तशी रीत आहे. आमचे हे म्हणाले, "आई, मुंबईला कसली आलीय शीव?" तर म्हणाल्या, "का? शीव नाव कशाला ठेवलंय मग?" बिनतोड होतं. सासूबाई आणि मी ट्रामने निघालो, पुढे उरलेलं चाललो आणि शीवच्या पुलाशी उभ्या राहिलो. गुडघ्याची तक्रार त्या दिवशी त्यांनी केली नाही.

मायलेक आले. कॅरियरवर गोधडी, गोधडीवर म्हातारी, हँडलला बोचकी. सासूबाईंनी मला तिची ओटी भरायला सांगितली, मग ती विधवा आहे हे आठवून नारळ नुसता हातात दिला. म्हातारीने तो बोचक्यात टाकला. म्हणाली, "या बरं का, खड्ड्यात." सासूबाई म्हणाल्या, "येईन. तुझ्या घाट्याची अक्षता टाकायला येईन."

त्या अक्षता पुढे पडल्या म्हणे, पण सासूबाईंना जायला जमलं नाही. भावजींची रजा काही संपली नाही आणि त्यांच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. आढ्याच्या त्या दोन कड्यांना त्या बाईने पाळणा बांधला.

पण मी पुलावरचं सांगत होते. शीवच्या पुलाला चढ आहे. भावजी उतरले आणि सायकल ढकलायला लागले. तशी म्हातारीही कॅरियरवरून खाली उतरली आणि मागून दोन्ही हात लावून ढकलू लागली. ते "तू बस, तू बस" म्हणतायत, ती ऐकत नाही. मागून लॉरी भोंगा वाजवत होती, तिला हिने हातानेच थांब म्हटलं. माथ्यावर पोचल्यावर तिने पदर खोचला आणि कुणाचा हात न धरता टुणकन कॅरियरवर बसली. दोघांनीही आमच्याकडे वळून पाहिलं नाही. पुढे उतार होता.